देवळालीचे गणिती शिक्षक : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

ख्रिस्तसभेने २०२५ हे वर्ष ज्युबिली वर्ष म्हणून साजरे केले. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी रोम येथील सेंट पीटर महामंदिराचे पवित्र द्वार उघडले आणि ६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी ते बंद केले. ह्या वर्षाच्या आकड्यात एक गंमत दडलेली होती, ती फारच थोड्यांच्या ध्यानी आली असेल. ४५ ला ४५ ने गुणले असता २०२५ येतात. आता २०२५ चे मधोमध दोन भाग करावेत आणि २० व २५ ह्यांची बेरीज करावी. पुन्हा ४५ च हाती येतात. असा गुण असलेल्या संख्यांना जगभरातील गणिती 'कापरेकर संख्या' ह्या नावाने ओळखतात. हे नाव कोणा परदेशी विद्यापीठातील प्राध्यापकाचे नसून नाशिकजवळच्या देवळाली गावातील एका शाळाशिक्षकाचे आहे, ही आपणा मराठी माणसांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

नाहूर, भांडुप, मुलुंड ह्या उपनगरांतील आपल्या धर्मग्रामांतली अनेक मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. प्रोग्रामिंग शिकताना अगदी आरंभीच त्यांना एक उदाहरण सोडवावे लागते : दिलेल्या पूर्णांकाचे द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ १ आणि ० ह्या चिन्हांच्या माळेत, रूपांतर करा. वरवर पाहता हे काम यांत्रिक वाटते. परंतु त्यामागे एक मूलभूत विचार आहे : संख्या ही एक गोष्ट आणि ती लिहिण्याची रीत ही दुसरी. ह्याच दोहोंच्या सीमेवर कापरेकर गुरुजींनी आपले सारे आयुष्य आनंदाने वेचले. म्हणूनच त्यांच्या जीवनाची ओळख आपल्या वाचकांना, विशेषतः युवकांना, करून द्यावीशी वाटते.

बालपण आणि शिक्षण

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात असून वसई धर्मप्रांताच्या सीमेत येते. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना त्यांच्या मातेचे निधन झाले. वडील कारकुनाची नोकरी करीत. त्यांना फलज्योतिषाचा नाद होता आणि त्या निमित्ताने घरात आकडेमोड सतत चालत असे. आईवेगळ्या मुलाचा सांभाळ वडिलांनीच केला आणि आकड्यांची गोडीही त्याला त्यांच्याकडूनच लागली, असे म्हणावे लागेल. ज्योतिष पुढे मागे पडले, गोडी मात्र जन्मभर राहिली.

माध्यमिक शिक्षण ठाणे येथे झाले. गुणाकार, भागाकार ह्यांच्या लांबलचक रीतींना जवळची वाट कशी काढता येईल, कोड्यांची उत्तरे कशी शोधता येतील, ह्यात ते तासन् तास रमत. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली गणितातील स्वतंत्र कामाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे ह्यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. त्यापुढील उच्च शिक्षण त्यांना लाभले नाही. संशोधक म्हणून मिरवावे अशी कोणतीही पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती.

देवळालीची शाळा

१९३० साली कापरेकर देवळाली येथे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली तेथूनच निवृत्त झाले. बत्तीस वर्षे एकाच गावी त्यांनी मुलांना गणित शिकविले. शाळेचे काम आटोपले की वही आणि पेन्सिल हीच त्यांची प्रयोगशाळा असे. वेगवेगळ्या संख्या घ्याव्यात, त्यांचे अंक उलटसुलट करावेत, मिळवावेत, तोडावेत, जोडावेत आणि काय हाती लागते ते पाहावे, हा त्यांचा नित्यक्रम होता. आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानासाठी बोलावणे येई. गणित परिषदांना ते आवर्जून उपस्थित राहत. आपल्या शोधांची लहान लहान पुस्तके ते स्वतःच छापून प्रसिद्ध करीत.

त्यांच्या एका शोधाशी आपल्या मध्य रेल्वेचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. चढत जाऊन पुन्हा उतरणाऱ्या ह्या संख्या आणि त्यांच्या कुळातील इतर संख्या ह्यांचा त्यांनी अभ्यास केला. ही कल्पना त्यांना तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. ज्या मार्गावरून आज नाहूरचे रहिवासी रोज ये-जा करतात, त्याच मार्गावरील एका फलाटावर गणितातील एका नावाचा जन्म झाला!

६१७४ चा शोध

कापरेकर ह्यांचे नाव सर्वदूर नेणारा शोध म्हणजे ६१७४ ही संख्या. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. कृती अगदी सोपी आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या तयार करावी. मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ येतात आणि मग तेच उत्तर पुन्हा पुन्हा येत राहते.

गुरुजींचे जन्मवर्ष १९०५ हेच घेऊन पाहू. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१ उरतात. पुढे ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. आणि शेवटी ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. बरोबर सात पायऱ्या झाल्या. वाचकांनी आपापले जन्मवर्ष घेऊन मुलांसमवेत हा खेळ अवश्य करून पाहावा. (१९९९ सालच्या वाचकांनी पहिल्या वजाबाकीतून ७९९२ येतात का, हे तपासून पुढे जावे.)

ह्या खेळात एक खाचखळगा आहे. २१११ ही संख्या घेतली, तर २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ उरतात. येथे कोणी चार घरे विसरून ९९९ मधून ९९९ वजा केले तर उत्तर शून्य येईल आणि सारा खेळ मोडेल. परंतु उत्तर ०९९९ असे चार घरांत लिहिले, तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि शेवटी ६१७४ असा प्रवास सुरळीत पूर्ण होतो. संख्या म्हणून ९९९ आणि ०९९९ ह्यांत काहीच भेद नाही. लिहिलेल्या चिन्हांची माळ म्हणून मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकाच्या भाषेत पहिलीला पूर्णांक म्हणतात आणि दुसरीला स्ट्रिंग. प्रोग्राम लिहिणारे विद्यार्थी आजही नेमके ह्याच ठिकाणी अडखळतात.

संख्या आणि तिचा पोशाख

टोपलीत पाच आंबे असतील तर ते पाचच. आपण ५ असे लिहा, रोमन पद्धतीने लिहा की आणखी कोणत्या रीतीने लिहा, आंबे कमी-अधिक होत नाहीत. संख्या ही जणू व्यक्ती आणि तिचे लेखन हा तिचा पोशाख. आपला नेहमीचा पोशाख दशमान पद्धतीचा. शून्यासह ती भारतात घडली आणि अरबांच्या द्वारे युरोपात गेली. दहाव्या शतकात गेर्बेर्त नावाच्या विद्वान धर्मगुरूंनी आपले अंक (शून्याशिवाय) तेथील ख्रिस्ती विद्यार्थ्यांना परिचित करून दिले. हेच गेर्बेर्त पुढे पोप सिल्व्हेस्टर दुसरे झाले (९९९–१००३).

दहाऐवजी केवळ दोन चिन्हे वापरूनही सर्व संख्या लिहिता येतात. सिस्टर्शियन संघाचे स्पॅनिश संन्यासी हुआन कारामुएल, जे पुढे इटलीतील विजेव्हानोचे बिशप झाले, त्यांनी १६७० साली छापलेल्या ग्रंथात अशा निरनिराळ्या पद्धतींचा विचार मांडला. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझ ह्यांनी १७०३ साली द्विमान पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. चीनमधील येशूसंघीय मिशनऱ्यांशी त्यांचा ह्याविषयी पत्रव्यवहार होता. १ आणि ० ह्यांतून साऱ्या संख्या घडतात, ह्यात त्यांना परमेश्वराने शून्यातून केलेल्या निर्मितीचे चित्र दिसले. आज प्रत्येक संगणक आणि प्रत्येक मोबाईल आतून ह्याच दोन चिन्हांवर चालतो.

दशमान पोशाख उतरवून द्विमान पोशाख कसा चढवावा? ४५ हीच संख्या घेऊ. तिला सारखे निम्मे करीत जावे आणि उरलेली बाकी टिपावी. ४५ चे निम्मे २२, बाकी १. २२ चे ११, बाकी ०. ११ चे ५, बाकी १. ५ चे २, बाकी १. २ चे १, बाकी ०. १ चे ०, बाकी १. ह्या बाक्या शेवटून पहिल्याकडे वाचल्या की १०११०१ अशी माळ मिळते. ताळा पाहावयाचा तर ३२, ८, ४ आणि १ मिळवावेत, ४५ होतात. दोनऐवजी दहाने भागत गेलो, तर ह्याच कृतीने आपले नेहमीचे अंक सुटे होतात : १९०५ ला दहाने भागत गेल्यास बाक्या ५, ०, ९, १ अशा येतात. म्हणजेच अंक सुटे करण्याची जी क्रिया कापरेकर आयुष्यभर कागदावर करीत राहिले आणि पूर्णांकाचे द्विमान माळेत रूपांतर करण्याची जी क्रिया विद्यार्थी आज संगणकाकडून करवून घेतात, त्या दोन्ही एकच आहेत.

विद्वानांची उपेक्षा

कापरेकर ह्यांच्या कामाकडे अनेक भारतीय गणितींनी दीर्घकाळ दुर्लक्ष केले. हा सारा पोरखेळ आहे, असे त्यांचे मत होते. ह्या मताला आधारच नव्हता असे नाही. संख्येचे खरे गुण पोशाख बदलला तरी टिकले पाहिजेत. ७ ही संख्या अविभाज्य आहे, मग ती ७ अशी लिहा वा १११ अशी. उलटपक्षी ४५ चा चमत्कार दशमान पद्धतीपुरताच आहे. २०२५ द्विमान पद्धतीत लिहून कोठेही तोडले, तरी दोन भागांची बेरीज ४५ होत नाही.

परंतु हा निवाडा अपुरा आहे. एक चमत्कार मावळला तरी त्यामागील प्रश्न मावळत नाही. नव्या पोशाखात त्याला नवे उत्तर मिळते. द्विमान पद्धतीत ३ ही संख्या ११ अशी लिहितात. तिचा वर्ग ९, म्हणजे १००१. त्याचे १० आणि ०१ असे भाग करून मिळवले की ११ येतात. ७ चेही तसेच : वर्ग ४९, म्हणजे ११०००१, ११० आणि ००१ ह्यांची बेरीज १११. तीन आणि सात ह्या संख्या द्विमान पद्धतीतील कापरेकर संख्या ठरतात!

६१७४ च्या खेळाचेही असेच आहे. द्विमान पद्धतीतील चार घरांची माळ घ्यावी. तिच्यात दोन एक असतील तर ११०० वजा ००११, म्हणजे बारातून तीन गेले, उरले नऊ, अर्थात १००१. आणि पुढे तेच उत्तर कायम राहते. एकच किंवा तीन एक असतील तर उत्तर ०१११, म्हणजे सात, येथे येऊन थांबते. दशमान पद्धतीत चार अंकांना एकच मुक्काम आहे, येथे दोन आहेत. दशमान पद्धतीतच पाच अंक घेतले तर एका मुक्कामाऐवजी काही ठरावीक संख्यांचा फेरा सुरू होतो. असे का होते, कोणत्या पद्धतीत काय होईल, हे प्रश्न निश्चितच पोरकट नाहीत. ज्याला पोशाख समजून बाजूला सारले गेले, त्या लेखनालाही स्वतःचे नियम आहेत, हे कापरेकर ह्यांनी पाहिले. संगणक संख्येशी व्यवहार करतो तो तिच्या लेखनाद्वारेच, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची दृष्टी किती अचूक होती हे पटते.

ज्या वर्षांत मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेमध्ये टिफ्रॅक हा द्विमान पद्धतीवर चालणारा संगणक उभा राहत होता, त्याच वर्षांत देवळालीत हे शिक्षक पेन्सिलीने आकडे मांडीत होते. दोहोंची भेट घडवून आणावी, असे तेव्हा कोणाला सुचले नाही.

स्वयंभू आणि हर्षद

१९६३ साली त्यांनी 'स्वयंभू संख्यां'वर पुस्तिका प्रसिद्ध केली. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जसे १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. परंतु काही संख्या अशा रीतीने कोणापासूनच जन्मत नाहीत. २० ही त्यांपैकी एक, ३१ दुसरी. ह्या स्वयंभू संख्यांना 'देवळाली संख्या' असेही म्हणतात. द्विमान पद्धतीतही अशा संख्या आढळतात. ४ आणि ६ ह्या तेथील स्वयंभू होत. आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. १८ च्या अंकांची बेरीज ९ आणि ९ ने १८ ला नि:शेष भाग जातो. ह्या एका नावातच त्यांचा स्वभाव उमटला आहे. त्यांनी गणित केले ते कीर्तीसाठी नव्हे, हर्षासाठी.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतरचे दिवस सुखाचे नव्हते. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. राहणी अत्यंत साधी असूनही ते पुरेना, म्हणून उतारवयात त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. आकड्यांचा अभ्यास मात्र खंडित झाला नाही.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या प्रसिद्ध सदरात मार्टिन गार्डनर ह्यांनी कापरेकर ह्यांच्या कार्याचा परिचय करून दिला. सत्तरी गाठलेल्या ह्या शिक्षकाचे नाव तेव्हा जगभर पोहोचले. ज्यांनी त्यांना बाजूला सारले होते, तेही त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहू लागले. १९८६ साली देवळाली येथेच त्यांची प्राणज्योत मालवली. त्याच्या पुढच्याच वर्षी नाशिक धर्मप्रांताची स्थापना झाली आणि देवळाली त्या धर्मप्रांतात आली. आज जगातील असंख्य शाळा-महाविद्यालयांत संगणकाचा आरंभीचा सराव म्हणून ६१७४ चा प्रोग्राम लिहून घेतला जातो.

आपण काय शिकावे?

कापरेकर ख्रिस्ती नव्हते. परंतु प्रभू येशूने सांगितलेला तालंतांचा दाखला त्यांच्या जीवनाकडे पाहताना सहजच आठवतो. त्यांना मोठे विद्यापीठ, यंत्रसामग्री वा द्रव्य लाभले नाही. आकड्यांवरील प्रेम हे एकच तालंत त्यांना मिळाले होते. ते त्यांनी जमिनीत पुरून ठेवले नाही. थोरांनी हसावे, पैसा न मिळावा, कोणी विचारू नये, तरीही ते त्याची वाढ करीत राहिले.

आपल्या घरांतून आणि धर्मशिक्षण वर्गांतूनही अशी मुले असतात, ज्यांचा छंद मोठ्यांना निरुपयोगी वाटतो. कोणी आकडे मांडीत बसतो, कोणी पाखरे न्याहाळतो, कोणी जुने रेडिओ उघडून पाहतो. गुणपत्रिकेत ह्याला रकाना नसतो. पालकांनी आणि शिक्षकांनी अशा मुलांना हसण्यापूर्वी देवळालीच्या ह्या गुरुजींचे स्मरण करावे. गणिताच्या भीतीने खचलेल्या मुलाला वही-पेन्सिल देऊन चार अंक मांडावयास सांगावे. सात पायऱ्यांच्या आत त्याचे भय बरेचसे ओसरेल.

माणूस आणि त्याचा पोशाख ह्यांत आपण नेहमी गल्लत करतो. पदवी, पगार, पद हे सारे पोशाखच. कापरेकर ह्यांच्यापाशी ते भरजरी नव्हते, म्हणून त्यांच्या काळाला त्यांची ओळख पटली नाही. परमेश्वर मात्र अंतःकरण पाहतो. आपल्या धर्मग्रामांतील सर्व शिक्षकांना, आणि कोणाच्याही नजरेत न येता निष्ठेने काम करणाऱ्या सर्वांना, त्याने आपल्या कामात असाच हर्ष द्यावा, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.